मेंढ्याचा गर्भदोष

या, असे जवळ सरकून बसा. आज पोथीतली नव्हे, मेंढवाड्यातली गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता देव आठवला तर आठवू द्या, त्याची काही हरकत नसते.

थोरल्या वहिनी आणि त्यांचा दीर यांच्या मेंढवाड्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. चूर्णमहाराज स्टुलावर चढले होते, हातात एक पिवळा कागद.

"चार दिवसांपूर्वी या गाभण मेंढीच्या मुतात असाच कागद लालभडक झाला की नाही?"

"झाला!" गर्दी ओरडली.

"गर्भदोष! मग तीन दिवस कडक उपास, आणि दोन वेळा आपलं चूर्ण. शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलचा कण नाही! आता बघा."

दिराने त्या मेंढीच्या, ढवळीच्या, नाकपुड्या क्षणभर दाबून धरल्या. मेंढी अशी धरली की मुतते, हे मेंढ्या पाळणाऱ्याला शिकवावं लागत नाही. वाटीत कागद बुडाला आणि पिवळाच्या पिवळा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

थोरल्या वहिनींचे हात मात्र वर उठेनात. ढवळीच्या पोटात दोन कोकरं होती आणि व्यायला दोन आठवडे उरले होते. ती भिंतीला डोकं टेकून उभी होती. तोंडाला नासलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता.

"महाराज, दोष गेला, तर ही खात का नाही?"

"ती तृप्त आहे, माउली."

"तृप्त झालेलं कुणी भिंतीला डोकं लावून उभं राहतं होय?"

"वहिनी, गप बसा ना," दीर कुजबुजला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. भाऊजी, मेंढी आपली मरतेय."

वहिनी रोज देवापुढे डोळे मिटणाऱ्या बाई. पण बाकीच्या वेळी ते उघडे ठेवायचे असतात, हेही त्यांना ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या दोन मेंढ्यांचे कागद असेच लालाचे पिवळे झाले होते, आणि त्या दोन्ही आडव्या झाल्या होत्या. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाई गमबूट घालूनच आल्या. ढवळीचं तोंड हुंगून म्हणाल्या, "महाराज, एक कागद द्या पाहू."

"त्याला मंत्राचं बंधन आहे!"

वहिनींनी तोवर त्यांच्या गठ्ठ्यातला एक उचललाही होता. कोपऱ्यात धष्टपुष्ट मेंढा निवांत धार सोडत होता. वहिनींनी कागद त्या धारेखाली धरला. लालभडक!

"अगं बाई! मेंढ्यालाच गर्भदोष!" वहिनी वळल्या. "महाराज, हा कधी व्यायचा म्हणता?"

हसून हसून माणसं कुंपणाला टेकली. महाराजांना नेमकं तेव्हाच कुठलं तरी तातडीचं बोलावणं आठवलं.

"कागदाला हळद लावलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साबणाच्या पाण्याने हळदीचा डाग लाल होतो ना, तसंच हे. भरपूर चारा खाणाऱ्या धडधाकट मेंढराचं मूत त्या साबणाच्या जातीचं, म्हणून कागद लाल. उपाशी ठेवलं की गाभण मेंढी स्वतःची चरबी जाळते, अंगात आंबट विष साठतं, मूतही आंबट होतं, मग कागद पिवळा. म्हणजे कागद लाल झाला तेव्हा ती बरी होती. आजारी पडली ती आता."

दिराचा चेहरा उतरला. "पण चूर्ण तर नैसर्गिक होतं..."

"आणि चारा काय कारखान्यात बनवतात, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "जुळी पोटात असलेल्या जिवाच्या तोंडची दाणावैरण काढलीत, आणि हातात दिलीत चिमूटभर पूड."

डॉक्टरीणबाईंनी साखरेचं औषध घशाखाली उतरवलं, सुई टोचली, थोडा थोडा खुराक दिवसातून चार वेळा द्यायला सांगितला. दीर गवताची काडी काडी ढवळीच्या तोंडाशी धरून बसू लागला. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातचं ओढून खाल्लं. दोन आठवड्यांनी ती व्याली. एक कोकरू उठून दुधाला लागलं. दुसरं हललंच नाही. दिराने ते आपल्याच सदऱ्यात गुंडाळलं आणि पुरून आला.

मंडळी, देवावर माझा तुमच्याइतकाच जीव आहे, म्हणूनच सांगतो. चमत्कार दाखवला की आधी विचारा: दुसऱ्यावर करून बघितलात का? नैसर्गिक म्हटलं की विचारा: कशाचं, किती, कुणी तपासलं? विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो विकणारा. आणि आज घरी जाऊन हात जोडाल तेव्हा त्या न उठलेल्या कोकराची आठवण ठेवा. त्याच्यात दोष नव्हता. त्याची आई उपाशी होती, एवढंच.