दुसरी जागा

...आणि सोनोग्राफीच्या प्रोबच्या तोंडावर कालच्या जेलचा पापुद्रा वाळून राहिलेला — नखाने खरवडला तर निघेल, पण नखाने खरवडायचं नाही, असं त्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. तिथलं सगळंच डॉक्टरांना तोंडपाठ होतं. दाढीच्या यंत्राएवढी वस्तू. एक टोक मोबाइलला जोडायचं, दुसरं माणसाला. पडद्यावर करडा धुरळा उठतो आणि पेशंट अदबीने गप्प होतो. तीस वर्षं नुसत्या हाताने पोटं दाबली, तेव्हा कोणी गप्प बसलं नव्हतं.

सिस्टर दारातून डोकावल्या. "तुमचे सर आलेत. मुलगी पण आहे बरोबर. त्या दिवशीचा कागद हवाय म्हणतात."

त्या दिवशीचा कागद... डॉक्टर पापुद्र्याकडे बघत राहिले.

सर म्हणजे शाळेतले गणिताचे सर. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली की अर्धे गुण कापणारे. सोळा दिवसांपूर्वी, मंगळवारी, ते सुजलेली पोटरी घेऊन इथे आले होते. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ आहे का, हे बघायचं तर प्रोबने दोन जागा दाबायच्या — एक गुडघ्यामागे, एक जांघेत. शीर दबून चपटी झाली की गाठ नाही. शेंबड्या पोरालाही जमेल. गुडघ्यामागची शीर शहाण्यासारखी चपटी झाली. जांघेसाठी पँट उतरवायला सांगायला हवं होतं, आणि ज्यांच्यासमोर आपण अख्खा तास बाकावर उभे राहिलो त्यांना — सर, जरा पट्टा सोडता का — हे वाक्य घशापर्यंत आलं, तिथे घुटमळलं आणि आल्या वाटेने परत गेलं. बाहेर अकरा पेशंट होते, हे खरं. अकरा पेशंट रोजच असतात, हेही खरं. मी सरांना मोठ्याने सांगितलं, दोन्ही जागा ठीक आहेत. आणि मी लिहिलं — दोन्ही जागा पाहिल्या, शिरा पूर्ण दबतात. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं असतं, पण टाइप केलं होतं.

गुरुवारी सर जिन्यात धापा टाकत खाली बसले. गाठ जांघेत होती. तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. त्यानंतर डॉक्टर रोज इस्पितळात फोन करत. सिस्टर सगळ्यांना सांगत, विद्यार्थी असावा तर असा.

सर आत आले ते नव्या काठीचा अंदाज घेत. मुलगी मागे उभी राहिली.

"काय रे खोडरबर, बरा आहेस ना?" सरांनी शाळेतल्याच नावाने हाक मारली.

"मी ठीक, सर. तुम्ही?"

"शिल्लक आहे. वजाबाकी चालू आहे."

मुलगी हसली नाही. "दादा, तेवढा कागद द्या. मोठ्या डॉक्टरांना बघायचाय. ते म्हणतात, मंगळवारी शीर स्वच्छ आणि गुरुवारी एवढी गाठ, म्हणजे आत दुसरं काहीतरी असणार. कॅन्सरबिन्सर. पोटाचा स्कॅन झाला, आता सोमवारी दुर्बीण घालणार आहेत. बाबा चार दिवस धड जेवले नाहीत."

"मला भूक नसते," सर म्हणाले.

मंगळवारी लिहिलेली ती ओळ फाइलमध्ये निमूट पडून असेल, असं डॉक्टरांना वाटत होतं. ती कामाला लागली होती. इस्पितळात जाऊन आली होती, तारखा ठरवत होती, म्हाताऱ्या माणसाचं ताट परत पाठवत होती... आणि तरी, गाठ नंतरही झालेली असू शकते, नाही का — शक्य आहे — शास्त्रात बरंच काही शक्य असतं... त्यांनी पडद्यावर मंगळवारचं पान उघडलं. प्रिंटरचं बटण कोपऱ्यात होतं. एकदा दाबायचं, की कागद आपोआप बाहेर.

"सर, त्या दिवशी मी —"

"तू जरा बाहेर बस गं," सर मुलीला म्हणाले. "गोळ्यांच्या वेळा सिस्टरांकडून नीट लिहून घे. मागच्या खेपेला घोळ घातलास."

"मी घातला? बरं बाई, मी घातला." ती गेली. दार लागलं.

"मी दुसरी जागा बघितलीच नव्हती, सर."

"माहीत आहे." सरांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी केली. "पाय माझाच होता ना."

डॉक्टरांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मग त्या मोठ्या डॉक्टरांना —"

"त्यांनी विचारलं, दोन्हीकडे लावलं होतं का. मुलीसमोर विचारलं. मी म्हटलं, हो, लावलं होतं."

"अहो पण, दुर्बीण —"

"घालू देत. एकदाचं बघून तरी होईल." सर काठीवरच्या आपल्या हातांकडे ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे बघत होते. "तू काय लिहायचंस ते तू बघ. मी काही सांगणार नाही."

सोळा दिवस डॉक्टर एकाच गोष्टीला भीत होते — सरांना कळेल. सरांना पहिल्या मिनिटापासून कळलेलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी असताना, त्या वयात, त्यांनी माझी लाज स्वतःच्या उशाशी ठेवून घेतली होती. आता खरं लिहायचं तर बाहेर गोळ्यांच्या वेळा उतरवून घेणाऱ्या मुलीसमोर सरही खोटे ठरणार. न लिहायचं तर सोमवार. भीती गेली होती, पण तिच्या जागी जे येऊन बसलं होतं ते तिच्याहून जड होतं, आणि घरचं असल्यासारखं ऐसपैस बसलं होतं. बोटं कीबोर्डवर टेकलेली... एकदा ओरडले असते सर, एकदाच, वर्गात ओरडायचे तसे, तर... सरांनी घसा खाकरला. डॉक्टरांनी नकळत खांदे आवळले, मान खाली घातली. सरांनी नुसता श्वास घेतला, हळू, मोजल्यासारखा, अजून पुरता न भरणारा — आणि डॉक्टर, चोपन्न वर्षांचे, तसेच अंग चोरून बसून राहिले, काहीतरी पाठीत बसेल म्हणून, बसावं म्हणून.