ठिपका नसलेली पट्टी

ताईचा कॉम्प्युटर दोन आठवडे दर पाऊण तासाला बंद पडत होता आणि मी दोन आठवडे फोनवरून तिलाच झापत होतो. इतक्या फाइली एकदम कशाला उघडतेस? सेव्ह करायला हात दुखतात का? एकदा तर ‘नाचता येईना अंगण वाकडं’ असंही म्हणालो. मी दुकानात दिवसभर लोकांची यंत्रं दुरुस्त करतो. घरच्यांसाठी गोड बोलणं शिल्लक राहत नाही.

आज सकाळी ती फोनवर रडली. ताई रडणाऱ्यांतली नाही. एका प्रकाशकाने तिला कॉम्प्युटरवर मजकूर-चित्रं जुळवून पाठ्यपुस्तकाची पानं लावायचं काम चाचणी म्हणून दिलं होतं. संध्याकाळी पाचपर्यंत एकशेवीस पानं पोचली तर घरबसल्या कायमचं काम. नाहीतर पुन्हा कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला दहा तास उभं राहायचं, सुजलेल्या पायांनी. ऐंशी पानं झाली होती, त्यातली तीस उडाली म्हणून पुन्हा केलेली.

अकराला तिच्याकडे पोचलो आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंख्यात धूळ होती, ती काढली. तापमान ठीक होतं, तरी वीस मिनिटांत पडदा निळा होऊन कॉम्प्युटर बंद पडला. सोबत आणलेला पॉवर सप्लाय लावून पाहिला. पुन्हा निळा. नुसती भुई धोपटत होतो, सापाचा पत्ता नाही. ताई माझ्यामागे खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती.

“माझ्याच हाताला काहीतरी होतंय रे,” ती म्हणाली. “तू म्हणतोस तसं.”

“जरा गप्प बस गं.”

उरली रॅम, म्हणजे मेमरी. आत दोन पट्ट्या होत्या, एक मूळची आणि एक मी बसवलेली. दोन आठवड्यांपूर्वी हे चाचणीचं काम मिळालं म्हणून ताईला भेट दिली होती, कॉम्प्युटर जरा पळेल म्हणून. जे शेवटी बदललं ते आधी तपासा, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवतो. पण आपला तो बाब्या.

मूळची काढून ठेवली आणि फक्त माझ्या पट्टीवर चाचणी लावली. दोन मिनिटांत पडदाभर बिघाडाच्या लाल ओळी.

पट्टी काढून उजेडात धरली. तपासलेल्या जुन्या पट्टीवर आम्ही दुकानात पांढरा ठिपका देतो. हिच्यावर ठिपका नव्हता. त्या दिवशी घाई होती, ढिगातली उचलली आणि नंतर बघू म्हटलं. पट्टी खिशात टाकली, मूळची बसवली आणि डबा बंद केला.

“काय होतं?”

“धूळ.”

ताई बसली. पाऊण तास झाला, तास झाला, पडदा निळा झाला नाही. तिची बोटं भराभर चालू लागली. “तुला उगाच दुकान सोडून यायला लावलं,” म्हणाली. मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

अडीचला प्रकाशकांच्या संपादकबाईंचा फोन आला. ताई उठून उभी राहिली.

“हो मॅडम, पाचपर्यंत देते. नाही, कॉम्प्युटर चांगलाय. मलाच नीट वापरता येत नव्हता, माझीच चूक.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. “बरोबर आहे तुमचं. कायमच्या कामाला सराईत माणूसच हवं. तुम्ही बघा दुसरं कोणी.”

“ताई, फोन दे.”

तिने नाही म्हणून मान हलवली. मी तो हातातून काढूनच घेतला.

“मॅडम, मी दुरुस्तीवाला. मीच खराब पार्ट न तपासता बसवला होता. यांनी तसल्या कॉम्प्युटरवर ऐंशी पानं केली, तीस तर दोनदा. माझ्या दुकानातलं कोणी एवढं करू शकलं नसतं.”

पलीकडून आवाज आला, “पाचला पानं येऊ देत. मग बोलू.”

फोन टेबलावर ठेवला. ताई माझ्याकडे बघत होती.

“दोन आठवडे,” ती म्हणाली. “मी रोज हात चोळत झोपले. डॉक्टरांना दाखवून आले.”

तिने खुर्ची पुढे ओढली आणि पुढचं पान उघडलं.

“जाताना दार ओढून घे,” म्हणाली. “आणि पाचपर्यंत फोन करू नकोस.”