मंगळवारचा नवरा

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, ते शाळेतले म्हणून नव्हे, शिवणकामातले म्हणून. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांच्या खांद्यांची आणि पोटांची मापं घेतली. तयार कपड्यांची दुकानं वाढली तसं गिऱ्हाईक आटत गेलं, आणि एक दिवस त्यांनी दुकानाचं शटर ओढलं ते कायमचंच. मग घरी बसून बायकोनं भाजी कशी चिरावी यावर मतं देऊ लागले. शेवटी बायकोनंच कुणाकडून तरी ऐकून त्यांना मेडिकल कॉलेजात काम शोधून दिलं. तिथल्या सिम्युलेशन लॅबमध्ये विद्यार्थ्यांच्या सरावासाठी माणसाएवढे रबरी पुतळे होते. त्यांची छाती वरखाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची. रोज इतके हात लागून पुतळ्यांचे गाऊन सारखे उसवायचे. मास्तर ते शिवायला जाऊ लागले.

एकदा विद्यार्थ्यांच्या सरावासाठी नकली पेशंट होऊन झोपणारा माणूस आलाच नाही. लॅब चालवणाऱ्या मॅडम चिंतेत उभ्या होत्या, आणि मास्तर शेजारी बसून सुईत दोरा ओवत होते. छातीत दुखतंय असं करून दाखवता येईल का, असं मॅडमनी विचारलं. मास्तरांनी सुई कॉलरला टोचली, छातीवर मूठ दाबली आणि असे काही कण्हले की समोरच्या विद्यार्थ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून मास्तर पुतळ्यांचे शिंपी कमी आणि पेशंट जास्त झाले.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. केसचा कागद पाठ करायचा. विद्यार्थ्यानं विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, आणि दहा विद्यार्थी आले तर दहाही वेळा तीच कळ त्याच जागी आली पाहिजे. एका भिंतीला मोठी काच होती. आतून तो आरसा दिसे. पलीकडे अंधाऱ्या खोलीत बसून मॅडम आणि बाकीचे विद्यार्थी सगळं बघत. शेवटी सोंग उतरवून विद्यार्थ्याला सांगायचं, तुझं बोलणं मला कसं वाटलं. मास्तरांचा खरा जीव या शेवटच्या भागात होता. उद्याचे डॉक्टर मान खाली घालून त्यांचं ऐकत. घरी आले की ते म्हणत, आज माझं अपेंडिक्स होतं. बायको म्हणे, बरं, आधी हातपाय धुऊन घ्या.

मग अशा केसमध्ये पेशंटची नातेवाईक होणाऱ्या बाई लेकीकडे राहायला गेल्या, आणि मॅडमनी मास्तरांना विचारलं, तुमच्या मिसेस येतील का? मास्तर मोठ्यानं हसले. चार माणसांत तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, असं त्यांनी सांगितलं. घरी हा किस्सा त्यांनी गंमत म्हणून सांगितला. बायकोनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी येईन की.

मास्तरांनी तिला आठवडाभर शिकवलं. हुंदका कुठून काढायचा, पदर कधी डोळ्यांना लावायचा. तिनं सगळं ऐकलं. यातलं तिनं पुढे काहीही केलं नाही.

मंगळवारी तिची पहिली केस होती. नवऱ्याचं ऑपरेशन चालू आहे, ती बाहेर थांबली आहे, आणि तो टेबलावरच गेल्याचं विद्यार्थ्यानं तिला सांगायचं. मास्तर काचेमागे मॅडमच्या शेजारी बसले होते. आत आली ती एक उंच, चष्मेवाली मुलगी. हुशार म्हणून तिचं नाव होतं, पण माणसासमोर उभी राहिली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. ती म्हणाली, आम्ही खूप प्रयत्न केले. बायकोनं विचारलं, म्हणजे आता भेटता येईल त्यांना? मुलगी दाराकडे बघू लागली. बऱ्याच वेळानं तिच्या तोंडून निघालं, ते गेले, काकू.

बायको रडली नाही. तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलून मांडीवर घेतली.

"सकाळी दाढी करताना गुणगुणत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, पुरे आता, उशीर होतोय."

काचेमागे कुणीतरी नाक ओढलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मास्तरांनीही रुमाल काढला. तो उलगडता उलगडता त्यांच्या लक्षात आलं, की आपण जन्मात कधी दाढी करताना गुणगुणलेलो नाही. मग हा कोण?

नंतर बायकोनं त्या मुलीला जवळ बसवून सांगितलं, "तू प्रयत्न केले म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं ते वाचले. तिथून पुढे तू खरं सांगेपर्यंतचा वेळ फार वाईट गेला बाळा." मुलीनं ते वहीत लिहून घेतलं नाही, नुसती मान हलवली. मॅडम मास्तरांना म्हणाल्या, की ही गोष्ट पंधरा वर्षं शिकवूनही मला मुलांना समजावता आली नव्हती. मास्तर म्हणाले, हो, मीच शिकवलंय तिला.

त्यानंतर दर मंगळवारी काकू, काकू होऊ लागलं. विद्यार्थी मास्तरांची छाती दोन मिनिटांत तपासून काकूंच्या खोलीकडे पळत. एकानं तर त्यांना जिन्यात थांबवून विचारलं, तुम्ही काकूंचे मिस्टर ना? मास्तरांना ते इतकं झोंबलं की त्या दिवशी त्यांनी छातीतली कळ चुकून उजव्या बाजूला काढली.

पण बायकोचं कौतुक एक वेळ त्यांनी पचवलं असतं. पचत नव्हता तो तिचा नवरा. दर मंगळवारी तो मरायचा आणि दर मंगळवारी त्याच्यात एखादा नवा गुण निघायचा. चालताना तो तिच्यासाठी पाय हळू टाकायचा. तिला बरं नसलं की, तू पडून राहा, म्हणायचा आणि स्वतः चहा करायचा. तिनं नवी साडी नेसली की ते त्याच्या लक्षात यायचं. मास्तर काचेमागे बसून हे एकेक ऐकत आणि रक्त आटवत. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करता येत नाही म्हणतात. हा तर जन्मलाही नव्हता.

घरी त्यांनी आडून विचारून पाहिलं. ती म्हणाली, मॅडमनी सांगितलं होतं कुणाची तरी कल्पना करा, म्हणून केली. मास्तरांना पटलं नाही. कल्पनेला इतकं बारीक शिवणकाम असतं का? त्यांना आठवलं, आपल्याआधी हिला एक स्थळ आलं होतं. बँकेतला होता कुणी. त्यांनी मेहुणीला फोन केला, इकडचं तिकडचं बोलले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तो बँकवाला गायचा का हो? मेहुणी खो खो हसत सुटली. त्याला धड बोलता येत नव्हतं भावोजी, गाणार कुठून? मास्तरांनी फोन ठेवला. बँकवाला नाही म्हटल्यावर तर संशयाला रान मोकळं झालं.

त्यांनी एक दिवस चहाही करून पाहिला. बायकोनं कप हातात घेतला आणि विचारलं, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?

अशात विद्यार्थ्यांची पेशंटशी बोलण्याची परीक्षा आली. मॅडमनी पहिल्यांदाच दोघांना एका केसमध्ये घातलं. मास्तर पेशंट, बायको त्यांची बायको. हृदयाचं ऑपरेशन करून घ्यायला पेशंट घाबरतो आहे, विद्यार्थ्यानं दोघांशी बोलून समजूत काढायची, आणि नीट समजावलं तर पेशंटनं हो म्हणायचं. चष्मेवाली मुलगी या परीक्षेत आधी एकदा नापास झाली होती.

तिनं सुरुवात चांगली केली. आपलं नाव सांगितलं, आजार सोप्या शब्दांत सांगितला. बायकोनं कागदावर होतं तसं मास्तरांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ऐका ना, करून घेऊ या. तो हात, तो आवाज अगदी मंगळवारचा होता. मास्तरांच्या मनात आलं, हा आपल्यासाठी नाहीच. त्यांनी हात झटकला.

नाही करायचं मला ऑपरेशन, ते म्हणाले. मुलीनं पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. कागद केव्हाच मागे राहिला होता. हिला विचारा, ते म्हणाले, ही कुणासाठी रडते ते हिला विचारा. मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती आरशाकडे बघू लागली, दाराकडे बघू लागली. आता ही मोडणार, हे मास्तरांना दिसत होतं, आणि तरी त्यांना तोंड बंद करता येत नव्हतं.

बायको सोंगातून हलली नाही. ती मुलीकडे वळून शांतपणे म्हणाली, "ते घाबरले की असंच तिरकं बोलतात डॉक्टर. रागावू नका. त्यांनाच विचारा."

मुलीनं श्वास घेतला. स्टूल ओढून पलंगाशी बसली, म्हणजे तिचे डोळे मास्तरांच्या डोळ्यांसमोर आले.

"काका, कशाची भीती वाटते?"

याचं उत्तर कागदावर होतं: भूल दिल्यावर जाग येणार नाही याची. मास्तरांना ते आठवलंही. पण त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"मी गेलो तर हिचं काही अडणार नाही, याची."

मुलीनं घाईघाईनं धीर दिला नाही. तशीच बसून राहिली. मग म्हणाली, हे तुम्ही काकूंना कधी सांगितलंय का? आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

मुलगी पास झाली. मॅडमनी तिला सांगितलं, की परीक्षेत यापेक्षा अवघड पेशंट कुणालाच मिळाला नव्हता. मास्तरांना मात्र त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. मुलं इथे चुकायला येतात, म्हणाल्या, आणि त्यांच्या पायाखालची जमीन हलणार नाही एवढा शब्द मी त्यांना देते. तुम्ही तो मोडलात. काही दिवस तुम्ही गाऊनच बघा. मास्तरांनी मान डोलावली.

बसस्टॉपवर दोघं शेजारी बसली. बस यायचं नाव नव्हतं. मास्तर पायाशी बघत म्हणाले, एकदाच सांग, तो कोण आहे.

बायकोनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, जो गेला तर तुम्ही कोलमडाल असा माणूस डोळ्यांसमोर आणा. मी तुम्हालाच आणलं होतं हो आधी. घरी, एकटी असताना. भांडी घासता घासता हातपाय गार पडले माझे. म्हटलं, हे दर मंगळवारी करायचं? तुम्हाला दर मंगळवारी मारायचं? म्हणून दुसरा बनवला."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. पण स्वभाव जातो कुठे?

"मग इतका चांगला कशाला बनवलास?"

"बनवायचाच होता," ती म्हणाली, "तर वाईट कशाला बनवू?"

बस आली. तिला खिडकीची जागा मिळाली, आणि ते तिच्याशेजारी दांडी धरून उभे राहिले.

काही महिने मास्तरांनी गाऊन शिवले, आणि मन लावून शिवले. मग मॅडमनी त्यांना पुन्हा छातीत कळ काढायला बोलावलं, एका अटीवर: बायकोच्या केसमध्ये नाही, आणि तिच्या वेळी काचेमागेही नाही. मास्तरांनी अट लगेच मान्य केली. मंगळवारी ते आता सामानाच्या खोलीत मशीनवर बसतात. मत्सर गेलाय असं नाही. पलीकडच्या खोलीचं दार उघडून एखादा विद्यार्थी डोळे पुसत बाहेर पडला की त्यांचा मशीनवरचा पाय आपोआप जोरात चालतो.

काम संपवून ती आली की दोघं जिना उतरतात.

"आज कोण गेलं?" मास्तर विचारतात.

"तोच."

"बरं झालं," मास्तर म्हणतात, आणि तिच्या हातातली पिशवी घेतात.