खिडकीतल्या नळ्या

मनोविकार विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला होता. ज्याचं डोकं नुकतंच फिरलंय त्याच्या रक्ताला आतून गंज चढलेला असतो, हे आकड्यांनी सिद्ध करायचं. रक्त तपासून आकडे काढायचं काम प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं आणि टाळ्या यांच्या. त्या तंत्रज्ञाला डॉक्टरांचा मनस्वी तिटकारा होता. पण त्याची धाकटी बहीण त्याच वॉर्डात, त्याच अभ्यासात होती आणि तिला घरी सोडणं डॉक्टरांच्या हातात होतं.

बहीण दोन महिने एकच धोशा लावून बसली होती. "दादा, आमच्या रक्ताच्या नळ्या खिडकीत उन्हात पडून असतात. तुमच्या शहाण्यांच्या तेवढ्या लगेच उचलतात."

दादा वैतागला. शेजारी भिंतीतून ऐकतात, हेही तिनंच सांगितलं होतं. 'संशय वाढला आहे,' असं त्यानं नातेवाईक म्हणून लिहून दिलं. गोळ्या दुप्पट झाल्या.

मग एकदा शिपाई रजेवर गेला आणि नळ्या आणायला त्यालाच जावं लागलं. सकाळी आठला काढलेलं रक्त दुपारी एकला खिडकीत तापत होतं. तुलनेसाठी घेतलेलं निरोगी माणसांचं रक्त मात्र प्रयोगशाळेतच काढून लगेच बर्फात जायचं. त्यानं स्वतःचं रक्त काढलं, पाच तास उन्हात ठेवलं आणि मोजलं. त्यालाही अगदी तसाच गंज!

त्यानं ते आकडे डॉक्टरांपुढे ठेवले. "शोधनिबंध छापायला गेलाय," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "तुमच्या घरात हे आनुवंशिक दिसतंय."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच तो वॉर्डात गेला. "तू खरं बोलत होतीस," तो बहिणीला म्हणाला. "मी चुकलो."

दुप्पट गोळ्यांनी तिची जीभ जड झाली होती. तिनं नर्सला हाक मारली. "सिस्टर, माझ्या फाइलवर नातेवाईक म्हणून याचं नाव आहे ना? ते खोडा. हा माझ्यावर उलटलाय."

नर्सनं सवयीनं भावाकडे पाहिलं. "हेही लिहून ठेवू का? संशय म्हणून?"

नाव खोडलं की तिला घरी न्यायचा त्याचा हक्क संपणार होता. आई-वडील कधीच गेले होते, तिला न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "ती खरं सांगतेय. खोडा."