खाली म्हणजे कुठे

लाँचमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, कारण माझ्या पायाशी स्वागताची कमान पसरली होती. चार इंची पांढरे पाईप, त्यांचे एल्बो आणि वर गुंडाळायला लाल कापडाचा गठ्ठा. मागच्या एका बेटावर आमच्या साहेबांची कमान वाऱ्याने उडून समुद्रात गेली, तेव्हापासून ऑफिसने कमानीसाठी चांगले जाडजूड पाईप घेतले होते. संडासांसाठी जादा पाईप मी कधीपासून मागत होते, ते मात्र ‘प्रक्रियेत’ होते. लाँच हलली की कमान माझ्या घोट्यावर आदळायची.

बेटांवर संडास बांधून घेणं हे माझं काम. ऐकणारा आधी हसतो, मग नाक मुरडतो, मग हळूच विचारतो की पगार तरी बरा आहे का. माझी सख्खी जाऊ पाहुण्यांना सांगते, ‘आमच्या ताई बांधकामात आहेत.’ सांगू दे बापडी. बेटावर सिमेंट येतं तेव्हा रेती नसते, रेती येते तेव्हा ती खारी असते, आणि दोन्ही धड असतात तेव्हा गवंडी मासेमारीला गेलेला असतो. तीन ठिकाणी डोकं फोडून घेतलं की एक दार उभं राहतं, आणि ते दारसुद्धा खालून घासतं.

या बेटावरच्या गवंड्याचं नाव जमेल. आईबापांनी दुसरं काही ठेवलं असेल, पण भिंत ओळंब्यात येईल का विचारलं तरी तो ‘जमेल’ म्हणे, खड्डा वेळेत होईल का विचारलं तरी ‘जमेल’. बेटाने मग त्याला तेच नाव देऊन टाकलं.

मी उतरायची मावशींकडे. त्या माझ्या कोणी लागत नव्हत्या, सगळं बेटच त्यांना मावशी म्हणायचं. मुलगा बोटीवर कामाला, घरात त्या आणि सून. दोन खोल्या, मधे पडदा, आणि पडद्याआड माझी खाट. पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, ‘‘खाली जा आणि हातपाय धुऊन ये.’’ मी उतरत उतरत थेट किनाऱ्यापर्यंत गेले. तिथे पाणी होतं खरं, पण खारं. गोड्या पाण्याचं पिंप घरामागे, चढावर. परत आले तेव्हा सून पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटलं, नव्या माणसाची फिरकी घेतात. मीही हसले आणि विसरून गेले.

इथे सगळे खडकांवर जातात. ओहोटी असेल तेव्हा जायचं आणि भरती म्हणेल तेव्हा उठायचं. गेल्या वाऱ्याच्या महिन्यांत मावशी तिथे शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. सून म्हणाली, घरात भांडं ठेवू, मी उचलीन. मावशींनी साफ नकार दिला. ‘‘तू मला जेवायला वाढतेस त्या हातांनी? मेले तरी नाही.’’ मला मात्र एकदा पडद्यापलीकडून म्हणाल्या, ‘‘बाई गं, मला दुसरं काही नको. मला कुणी घाई करू नये, एवढंच. आयुष्यभर पाण्याने हाकललंय मला.’’

वाऱ्याचे महिने लागले की लाँच बंद होते. त्याआधी मावशींचा संडास सुरू झाला नाही, तर त्यांना पुन्हा ते खडक होते. म्हणून या बेटावर पहिला संडास त्यांचाच घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. मागच्या फेरीत जमेलला जागा दाखवायला निघाले आणि लाँचने भोंगा दिला. पाणी उतरायला लागलं की लाँच कुणासाठी थांबत नाही. मी धक्क्यावर धावले आणि लाँचमधून जमेलला ओरडून सांगितलं, ‘‘विहिरीच्या खाली घ्या! कळलं? खाली! वर अजिबात नको!’’

‘‘जमेल!’’ तो किनाऱ्यावरून ओरडला.

आणि आता, कमानीचा मार खाऊन घोटा सुजवून घेत मी परत आले, धक्क्यावरून मान वर केली, आणि मला संडास दिसला. चुन्याने पांढराशुभ्र केलेला, निळं दार, वर पत्रा. माझ्या इतक्या वर्षांत इतका देखणा संडास मी पाहिला नव्हता. तो चढावर होता. त्याच्या उताराला, बरोबर समोर, बेटाची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. जमेल हात पुसत, हसत समोर आला.

‘‘कसा झालाय?’’

‘‘मी काय सांगितलं होतं? विहिरीच्या खाली!’’

‘‘खालीच आहे की.’’

‘‘हे खाली? हे? ही विहीर, तो संडास. डोळे आहेत ना तुम्हाला? खड्ड्यातलं पाणी झिरपत झिरपत कुठे येणार?’’

त्याने विहिरीकडे पाहिलं, संडासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मलाच ताप चढलाय. त्याने मूठभर कोरडी रेती उचलली आणि सोडली. रेती उडून चढाकडे गेली. ‘‘वारा समुद्राकडून येतो. येतो ती बाजू वर, जातो ती बाजू खाली. मग संडास खालीच पाहिजे ना, नाहीतर वास सगळा घरात. मी म्हटलं, बाईंना बरोबर समजतं.’’

‘‘अहो, उताराला काय म्हणता मग तुम्ही?’’

‘‘पाण्याकडे.’’

त्याला शिव्या घालाव्यात तर त्याचं काही चुकलं नव्हतं. मला शिव्या घालाव्यात तर माझंही काही चुकलं नव्हतं. राग कुणावर तरी काढावा लागतो, तो मी त्या निळ्या दारावर काढला. लाथ मारली. दार सुंदर बसवलेलं होतं, जराही घासलं नाही.

मी साहेबांना फोन लावला. फोन लागतो तो फक्त धक्क्याच्या टोकाला, तेही एका पायावर उभं राहिलं तर.

‘‘खोली राहू दे,’’ मी म्हणाले, ‘‘खड्डा फक्त हलवायचा. विहिरीला लांबून वळसा घालून पार पलीकडे उतारावर नवीन खड्डा. पण तिथपर्यंत पाईप हवेत, साहेब.’’

‘‘पाईप पुढच्या हंगामात. उद्घाटन मात्र ठरल्या दिवशी. पाहुणे येणार आहेत.’’

‘‘आणि विहीर?’’

‘‘एवढ्यात काही होत नाही हो विहिरीला. वापरू द्या त्यांना, नंतर बघू. आणि ऐका, कमान नीट उभी करा. मागच्या वेळी फार शोभा झाली.’’

मी परत चढून गेले आणि नव्याकोऱ्या संडासाला कुलूप लावलं. दुसरं काय करणार? लहान मुलं त्या विहिरीचं पाणी पितात. कुलूप लावून वळले तर मागे मावशी उभ्या. घरापासून तिथपर्यंत, एकट्या, काठी टेकत आल्या होत्या. हातात नवा तांब्या होता.

‘‘काय गं हे?’’

मी समजावलं. खाली, वर, वारा, उतार, झिरपणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुझं खाली वेगळं आणि आमचं खाली वेगळं, आणि माझं हाड मोडलेलंच.’’

‘‘मावशी, पुढच्या हंगामात नक्की...’’

‘‘पुढच्या हंगामात मी असेन का नाही, कुणी पाहिलंय?’’ त्यांनी तांब्या काठीच्या हातात घेतला आणि दुसरा हात कुलपावर ठेवला. ‘‘बाई गं, एवढ्या लांबून तुला कुलूप लावायला पाठवलं होय?’’

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं भडाभडा आलं. रडताना लोकांना थोर विचार सुचत असतील, मला राग आला. ऑफिसचा, लाँचचा, वाऱ्याचा, मराठी भाषेचा. तशीच ताडताड धक्क्यावर गेले, साहेबांना पुन्हा फोन करून चार शब्द सुनवावेत म्हणून, आणि आंधळ्यासारखी चालत असल्यामुळे धक्क्यावर उतरवून ठेवलेल्या कमानीला अडखळून पडले. ज्या घोट्यावर आधी लागलं होतं त्यावरच.

मी धक्क्यावर बसून घोटा चोळत राहिले. समोर पाईप. चार इंची. जाडजूड. एल्बोसकट.

‘‘जमेल!’’ मी ओरडले.

‘‘काय?’’ तो धावत आला.

‘‘जमेल का?’’ मी पाईपांकडे बोट केलं.

त्याने कमानीकडे पाहिलं. मग चढावर पाहिलं, विहिरीकडे, आणि पलीकडच्या उताराकडे. पहिल्यांदाच त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. ‘‘साहेब?’’

‘‘साहेबांचं मी बघते. आणि आता मी तोंडाने काही सांगणार नाही. चला, मी पाय ठेवते तिथे तुम्ही खुंटी ठोका.’’

मी लंगडत पुढे, तो खुंट्या घेऊन मागे. खाली-वर हे शब्दच आम्ही बंद केले. पाण्याकडे, डोंगराकडे, एवढंच. जुन्या खड्ड्याच्या विटा सिमेंटशिवाय सुट्या रचलेल्या होत्या, त्या काढून नव्या खड्ड्याला लावल्या. सून आणि शेजारच्या बायका विटा वाहून आणत होत्या. पुरुष चर खणत होते आणि मी दर चार हातांवर उतार तपासत, सगळ्यांवर खेकसत होते. कुणी मनावर घेतलं नाही. मावशी ओट्यावर बसून सांगत होत्या, ‘‘ओरडू दे तिला. तिचा पाय दुखतोय.’’

शेवटचा पाईप जेमतेम पुरला. कमानीचा मधला आडवा तुकडाही वापरला नसता, तर हातभर कमी पडला असता. जमेलने भांड्यात बादली ओतली आणि मी पलीकडे खड्ड्याशी कान लावून बसले. काही नाही. काही नाही. मग गुडगुड करत पाणी आलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

उद्घाटनाच्या सकाळी मी कुलूप काढलं आणि किल्ली मावशींच्या हातात दिली.

साहेब दोन पाहुण्यांना घेऊन उतरले. धक्क्यावर लाल कापड काठ्यांना बांधून आम्ही जमेल तशी शोभा केली होती. साहेबांचा चेहरा पडला.

‘‘कमान कुठे आहे?’’

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात जमेल प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘खाली.’’

साहेबांनी पायाखाली बघितलं. गावातल्या सगळ्या माना डोंगराकडे वळल्या. कमान जमिनीत पुरलेली, तेव्हा बरोबर साहेबच होते, पण ते त्यांना सांगण्याची ही वेळ नव्हती.

‘‘याचा लेखी खुलासा लागेल, मॅडम,’’ ते दात आवळून म्हणाले आणि चढ चढू लागले. मी म्हटलं, देईन. फीत बांधायला माणूस पुढे धावला. फीत बंद दारावर बांधतात. दार बंदच होतं, फक्त आतून.

‘‘कोण आहे आत?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘सासूबाई,’’ सून म्हणाली.

आम्ही थांबलो. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. फीतवाला फीत बोटाला गुंडाळत राहिला. धक्क्यावरून लाँचने भोंगा दिला, मग पुन्हा दिला. पाणी उतरायला लागलं होतं. साहेबांना राहवेना. त्यांनी निळ्या दारावर बोटांनी टकटक केलं.

‘‘मावशी, जरा लवकर आटपा हो. ओहोटी लागली, लाँच निघेल.’’

आत काठी भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला.

‘‘निघू दे की,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मला काही घाई नाही.’’