वाफदादा

आन बोंगसॉपने कॉम्प्युटरच्या पेटीचा बाजूचा पत्रा काढला आणि लगेच तोंड फिरवलं. आत धूळ नव्हती, धुळीचं जाजम होतं. पंख्यांच्या पात्यांवर करडी लोकर दाटून बसली होती. तिच्यात केस होते, दोऱ्यांचे तुकडे होते आणि कोपऱ्यात पाय वर करून वाळलेलं एक झुरळ होतं.

त्याचा जन्म लोकांचे कपडे धुण्यात गेला होता. कॉलरवरचा मळ, काखेतला पिवळेपणा, विजारीवर ओकलेली दारू, यातलं काही त्याला नवं नव्हतं. पण ती घाण लोकांची होती. ही त्याच्या स्वतःच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, त्याच्या बायकोच्या पायाशी साचत आली होती, आणि बाई त्यावर पाय टेकून रोज बसत होती.

त्याने रबरी मोजे चढवले. दोन स्क्रू काढले, खाच दाबली आणि ग्राफिक्स कार्ड ओढून बाहेर घेतलं. त्याच्याबरोबर लोकरीचा एक बोळाही आला आणि त्याच्या चपलेवर पडला. त्याने पाय झटकला. मग धुतलेले शर्ट ज्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात तशी, लाँड्रीचं नाव छापलेली एक पिशवी घेतली, कार्ड तिच्यात टाकलं आणि दुकानाला कुलूप लावून योंगसानच्या कॉम्प्युटर-बाजाराकडे निघाला.

बायकोला, यंगजिनला, जाऊन सात आठवडे होत आले होते. ती गेली त्या दिवशी अंत्यविधीच्या हॉलवाल्यांनी एक तयार मजकूर दिला होता: चांग यंगजिन यांचं निधन झालं, अमुक हॉल, अमुक दिवस. तो त्याने तिच्या फोनमधल्या झाडून सगळ्यांना पाठवला होता. काही दिवसांनी एका गटातून उत्तर आलं. ती जो खेळ खेळायची त्यातली टोळी होती ती. टोळीचा म्होरक्या स्वतःला ‘आंबटमुळा’ म्हणवत होता. त्याने लिहिलं होतं, ‘एकोणपन्नासाव्या दिवशी आम्हीही खेळात निरोपाचा विधी करतोय. घरच्यांपैकी कुणी त्यांचं पात्र घेऊन आलं तर बरं होईल. समोर कुणी नसेल तर आम्ही नमस्कार कुणाला करायचा?’

बोंगसॉपने फोन पालथा घातला होता. मेलेल्या माणसाची बाहुली नाचवायची, आणि तीही असल्या खेळात. त्याला शिसारी आली होती. दुकान बंद झाल्यावर ती त्या पडद्यासमोर बसायची तेव्हा तो दारातून तिची पाठ बघायचा आणि भिंतीवर नाचणारा उजेड. पडद्यावर काय आहे ते त्याने कधी पाहिलं नाही. घाणीत डोकावून बघायचं कशाला?

पण नंतर त्याला दुसरंच काही डाचायला लागलं. वीसेक माणसं ओळीने उभी राहतील आणि रिकाम्या जागेला वाकतील. असं कुणी यंगजिनच्या बाबतीत करावं हे त्याला सोसेना. म्हणून परवा त्याने तो कॉम्प्युटर चालू केला. खेळ तिला ओळखत होता, त्याने पासवर्डही विचारला नाही. पण मध्यंतरी खेळाची नवी आवृत्ती आली होती. पंखा बोंबलला, पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली: तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, यावर हा खेळ चालणार नाही.

विधी उद्यावर आला होता.

योंगसानच्या बाजारातल्या इमारतीत निम्मी दुकानं बंद होती. उघडी होती त्यांच्यातला एक जण त्याला बघताच जागेवरून ओरडला,

“या शेठ, या. दुसरीकडे किती सांगितलं ते आधी बोला.”

“दुसरीकडे गेलोच नाही.”

“मग तर तुम्ही माझेच पाहुणे.”

दुकानदाराचं नाव योम. काचेच्या कपाटावर नूडल्सचा वाडगा ठेवून तो खात होता. लाल रस्सा काचेवर सांडला होता आणि त्यात एक स्क्रू पडला होता. मागच्या भिंतीवर तलवारी घेतलेल्या बायकांची मोठी चित्रं होती. त्यांच्या अंगावर तलवारीपेक्षा कापड कमी होतं. बोंगसॉपने नजर खाली घेतली, तर खाली योमची बोटं दिसली, चिकट आणि तांबडी. त्याच बोटांनी योमने पिशवीतलं कार्ड उचललं.

“अरे वा. हे वस्तुसंग्रहालयाला द्या शेठ. तिकीट लावून दाखवतील.”

“याच्या जागी दुसरं पाहिजे. ‘राखेचं राज्य’ खेळ चालला पाहिजे.”

“नातवाला?”

“चालणारं आहे का, तेवढं सांग.”

योमने कपाटाखालून एक कार्ड काढलं. खोकं नव्हतं, नुसत्या फुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. बोंगसॉपने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. त्याने ते नाकाशी नेलं आणि खिशातल्या रुमालाला पुसलं.

“हे फार तापलेलं आहे. दिवस नाही, रात्र नाही, असं.”

“थोडे दिवस बिटकॉइनसारखी इंटरनेटवरची नाणी खणायला लावलं होतं,” योम हसला. “एका शेडमध्ये. पण हाडापेराने मजबूत आहे. मेलेली कोंबडी बघितल्यासारखं नाक कशाला मुरडताय?”

“दुसऱ्याने पिळून टाकलेलं मला नको. नवं दाखव.”

“नवं दाखवीन. पण पेटीत जागा किती? वीज किती येते? माप घेतल्याशिवाय कोट शिवतात का?”

बायकोने आयुष्यभर माप घेऊन लोकांच्या पँटी आखूड केल्या, आणि बोंगसॉप माप न घेता बाजारात आला होता. त्याने फोन काढून आतला फोटो दाखवला. योमने तो बोटांनी मोठा केला आणि खुर्ची मागे सरकवली.

“आई गं. आत काय मेलंय? शेठ, असल्या उकिरड्यात बसून कोण खेळत होतं?”

“माझी बायको.”

योमने वाडगा बाजूला केला. हात विजारीला पुसले, मग आणखी एकदा पुसले.

“काकू खेळायच्या?”

“खेळायची.”

योमने वरच्या फळीवरून एक बंद खोकं काढलं आणि काचेवरचा कोरडा भाग बघून तिथे ठेवलं.

“हे न्या. याच्यावरचं मागू नका, तुमच्या पेटीच्या विजेला झेपणार नाही. डिस्कचा एक पिंजरा आडवा येईल, तो काढा. तो रिकामाच दिसतोय. आणि आधी ते झुरळ काढा.”

बोंगसॉपने पैसे दिले. रस्ताभर त्याला वाटत राहिलं की आपण फसलो. असल्या बोटांचा माणूस खरं बोलेल कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात मुलीबरोबर एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. भिक्खूने मंत्र म्हटले, यंगजिनचे कपडे जाळले. ते कपडे बोंगसॉपने स्वतः इस्त्री करून नेले होते. मुलगी तिकडूनच बुसानला परत गेली. घरी येऊन त्याने पुन्हा मोजे चढवले.

लोकर काढायला त्याने कोटाचा ब्रश घेतला. ती गठ्ठ्यागठ्ठ्याने निघाली. पुढच्या पंख्यात एक केस अडकला होता. त्याने ओढला तर तो येतच राहिला, लांब, टोकाला रंगवलेला आणि मुळाशी पांढरा. क्षणभर त्याने तो उजेडात धरला. मग बाकीच्या घाणीबरोबर पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली आणि बाहेर नेऊन ठेवली. परत येऊन हात कोपरापर्यंत धुतले.

पेटी श्वास घेते का ते बघायला त्याने पडद्याची तार वरच्या खाचेत खोचून बटण दाबलं. चालू झाली. बंद केली. पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. सिंथेटिक पँटी हाताळताना ही सवय लागलेलीच असते. पिंजऱ्याचे स्क्रू गंजले होते, पक्कड लावून ते काढले. मग नवं कार्ड खाचेवर ठेवून दोन अंगठ्यांनी दाबलं. ‘कट’ असा आवाज आला. विजेची तार जोडली. बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच.

तो थांबला. पुन्हा बंद करून चालू केलं. काळाच. त्याला त्या तांबड्या बोटांची आठवण झाली आणि किळस थेट डोक्यात चढली. त्याने खोक्यावरचा दुकानाचा नंबर फिरवला.

“सडकं कार्ड माझ्या गळ्यात मारलंस.”

“कोण? लाँड्रीवाले शेठ? पंखे फिरतायत का?”

“फिरतायत. मेलेल्याचे डोळे उघडे असतात तसे.”

“पडद्याची तार कुठे लावलीय? वर की खाली?”

“वर. होती तिथेच.”

“वरची खाच कॉम्प्युटरची झाली. कार्डाची खाली, आडवी. एवढं नवं कार्ड आणलंत आणि त्याला तारच लावली नाहीत. नवरी मांडवात आणि हार शेजारणीच्या गळ्यात.”

बोंगसॉपने तार काढून खाली लावली. पडदा उजळला.

“आलं?”

“आलं.”

“मग शिवी परत घ्या.”

“दिलीच कुठे होती?” बोंगसॉप म्हणाला आणि फोन ठेवला.

खेळ उघडला. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याने खुर्ची मागे घेतली. यंगजिनचं पात्र म्हणजे एखादी राजकन्या असेल, भिंतीवरच्या त्या बायांसारखी, अशी त्याने मनाची तयारी ठेवली होती. समोर उभा होता एक दांडगा पुरुष. उघडं पोट, छातीवर, पाठीवर, खांद्यांवर केसांचं रान, हातात कुऱ्हाड, आणि कुऱ्हाडीला वाळलेलं रक्त. नव्या कार्डावर एकेक केस वेगळा दिसत होता. डोक्यावर नाव होतं: वाफ.

दुसऱ्या कुणाचं तरी उघडलं, असं त्याला वाटलं. पण यादीत पात्र हे एकच होतं.

डोंगरमाथ्यावर माणसं जमलेली होती. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं धावायला लागली.

“वाफदादा आले.”

“दादांना चालवतंय कोण?” पगारकधी नावाच्या एकाने विचारलं.

“पगारकधी, गप बस. आज तरी तोंड आवर.”

“वहिनी, तुम्ही आहात का? मी आंबटमुळा.”

बोंगसॉपने मागे वळून बघितलं. खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. पुढच्या ओळी आल्या.

“दादांनी कधी माईक लावला नाही, त्यामुळे आवाज ऐकला नाही आम्ही. पण तुमच्याबद्दल फार सांगायचे.”

“बायको पलीकडे इस्त्री करते, वाफेचा आवाज आला की मला जिवात जीव येतो, असं म्हणायचे.”

“आणि ती नासपती! बायको या खेळाला शिव्या घालते, पण सोललेली नासपती गुपचूप आणून ठेवते, म्हणे. तोंड असं करून की जसा बशीत उंदीर आहे.”

“एकदा सगळी टोळी मेली, कारण दादा नासपती खात होते.”

“दादा म्हणायचे, मागे येऊन एकदा बघितलं असतं तर तिलाही शिकवलं असतं. फार चिकाटीची आहे बाई, ती आपल्या सगळ्यांच्या पुढे जाईल.”

बोंगसॉपने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. अक्षरं वर सरकून गेली होती. ती परत खाली कशी आणायची ते त्याला माहीत नव्हतं.

टोळीने गवतावर रश्श्याचे वाडगे मांडले होते, अंत्यविधीला मांडतात तसेच. मग सगळे गुडघ्यांवर आले आणि जमिनीला डोकं लावून वाकले. उठले आणि दुसऱ्यांदा वाकले. उत्तर म्हणून काहीतरी करायला हवं होतं. बोंगसॉपने एक बटण दाबलं. वाफने कुऱ्हाड उगारली आणि डोंगर हादरेल अशी डरकाळी फोडली.



“शेवटपर्यंत दादाच,” पगारकधीने लिहिलं.

“वहिनी, जमत असेल तर दोन शब्द,” आंबटमुळा म्हणाला. “घरच्यांनी बोलायचं असतं.”

बोंगसॉप एका बोटाने टाइप करायला लागला. ‘मी तिचा नवरा’ एवढं लिहून तो थांबला. पलीकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाट बघत उभी होती. त्याने एकेक अक्षर पुसलं आणि नव्याने सुरुवात केली. त्याला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

‘आमच्या ह्यांना तुम्ही सगळ्यांनी सांभाळलंत. घरी हे फार बोलायचे नाहीत. उपकार झाले.’

त्याने ते पाठवलं. खाली उत्तरांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, “वहिनी, आता जेवूनच जा.” सगळे वाडग्यांभोवती बसले. वाफ एकटाच कुऱ्हाड धरून मध्ये उभा राहिला.

बोंगसॉपने पुन्हा एक बोट पुढे केलं.

‘बसायचं कसं?’

“सी दाबा वहिनी.”

त्याने सी दाबलं. तो केसाळ माणूस मांडी घालून खाली बसला, पोट गुडघ्यांवर आलं, आणि कुणीतरी त्याच्यासमोर वाडगा सरकवला.

“शी, अंगावर केस किती,” बोंगसॉप मोठ्याने म्हणाला, आणि त्याने खुर्ची पुढे ओढली.