पडद्यावरचं पहिलं चित्र

कमलाबाईंनी चहाचा दुसरा कप टीव्हीसमोर ठेवला, पदराने पडदा पुसला आणि म्हणाल्या,

"हं, लाव आता."

सुगतने लॅपटॉपवर बटण दाबलं. टीव्हीखालच्या जुन्या सेट-टॉप बॉक्सचा लाल दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर रोजच्यासारखे त्याचे वडील, बाबुराव आले. अंगात बनियन, वेताच्या खुर्चीत बसलेले, एक पाय खाली, एक वर. मागे याच खोलीची भिंत आणि भिंतीवर बाबासाहेबांचा हाच फोटो. चित्र हलत नव्हतं. पुढचं चित्र आलं की ते जायचं, म्हणून सुगत यंत्र तिथेच थांबवून ठेवायचा.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली आणि ती यायच्या आत बाबुराव गेले, याच खुर्चीत, हातात रिमोट धरून.

सेट-टॉप बॉक्सचा हा डबा बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. आतली व्हिडिओची चिप कशी चालते हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. इथे फरीदाबादच्या भंगारवाल्यांकडे असे डबे ढिगाने पडून होते. ऑफिसातून आल्यावर सुगत त्या चिपला एकेक हुकूम देऊन बघायचा, ती काय करते ते टिपायचा आणि त्यावरून तिला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर लिहायचा. उघडा, फुकट, जगात कुणालाही वापरता येईल असा. असे ड्रायव्हर तपासणाऱ्यांनी तो मान्य केला की हे सगळे डबे पुन्हा जिवंत होणार होते.

पहिलं चित्र येण्याआधी चिपच्या मेमरीत उरलेलं काहीबाही क्षणभर पडद्यावर चमकतं, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. इतरांना तिथे रंगीत पट्टे दिसतात. डब्याला कॅमेरा नाही, हे सुगतने स्क्रू काढून पाहिलं होतं. मग पुन्हा एकदा काढून पाहिलं होतं. विश्वास ठेवायलाच हवा असं नाही. त्याचाही बसत नव्हता. पण दिवाळीपर्यंत चित्रातल्या बाबुरावांचे दोन्ही पाय खाली होते आणि आता एक वर होता, एवढं मात्र खरं.

"आज हसताहेत," कमलाबाई म्हणाल्या.

"आई, ती मेमरीतली घाण आहे गं."

"घाण काय म्हणतोस बापाला!"

सुगत हसला, आणि हसता हसता थांबला. पडद्यावर बाबुरावांच्या शेजारी दुसरी खुर्ची होती. रिकामी. काल नव्हती.

कमलाबाईंनी ती आधीच पाहिली होती.

"माझी आहे," त्या सहज म्हणाल्या. "ओढून ठेवलीय बघ जवळ."

त्यांनी हल्ली खाली बागेत जाणं सोडलं होतं. जेवणाचं ताट टीव्हीसमोर यायचं. यंदा दीक्षाभूमीला जायचं तिकीटही रद्द केलं होतं, ह्यांना एकटं कसं सोडू म्हणून. सुगतने लॅपटॉप मांडीवर घेतला.

"ड्रायव्हर पाठवायचाय आई. तपासणाऱ्यांनी एकच दुरुस्ती सांगितलीय. पहिल्या चित्राच्या आधी मेमरी पुसून घ्यायची. एकाच्या घरातलं दुसऱ्याला दिसता कामा नये. नियमच आहे तो."

"म्हणजे ह्यांना पुसणार."

"एक ओळ आहे फक्त."

"जगाला पाठव ना तुझी ओळ. आपल्या घरी जुनंच राहू दे."

सुगतने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिची गादीसुद्धा झटकून ठेवलेली दिसत होती.

"नाही आई," तो म्हणाला. ओळ लिहिली, घरच्या डब्यातही भरली आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. कमलाबाईंनी आधी आपला चहा संपवला, मग दुसरा कप उचलून तोही संपवला. नंतर दिवसभर त्या कामापुरतंच बोलल्या.

ड्रायव्हर कुणीतरी दुसऱ्या ठिकाणी चालवून 'चालतो' असं सांगितल्याशिवाय मान्य होत नाही. तसाच डबा, असंच काम करणाऱ्या वीणाकडे होता. मूळची नागपूरची, आता नॉर्वेत अगदी वर, जिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, तिथे नोकरीला. रविवारी दुपारी तिचा फोन आला. सुगतने स्पीकर लावला.

"मस्त चाललाय यार! मेमरीही बिल्कुल साफ. फक्त सुरुवातीला तू तो फोटो कशाला टाकलास?"

"कुठला फोटो?"

"आजोबांचा. बनियनवर बसलेत. शेजारी एक खुर्ची आहे, रिकामी."

कमलाबाई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आल्या.

"कोण बोलतंय?"

"जय भीम काकू, मी वीणा. नॉर्वेहून."

"जय भीम. थंडी आहे का गं तिकडे?"

"थंडी? काकू, दाराबाहेर कमरेएवढा बर्फ आहे."

"उत्तरेला पानिपतच्या पुढे कधी गेले नाहीत," कमलाबाई पुटपुटल्या, "आणि गेले ते थेट बनियनवर."

त्यांनी कपाट उघडलं. त्यांनीच विणलेला, पुढून बटणांचा तपकिरी स्वेटर काढला, झटकला आणि वेताच्या खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. थोडा वेळ त्याच्या खांद्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग तिच्या शेजारची, टीव्हीसमोर रोज बसायची आपली खुर्ची उचलली. सुगत पुढे झाला तर "राहू दे" म्हणाल्या, आणि ती एकटीनेच बाल्कनीत, उन्हात नेऊन तिच्यावर बसल्या. खाली बागेत कुणाला तरी हाक मारली.

"वीणा," सुगत म्हणाला, "पुन्हा एकदा सुरू करतेस?"

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला.

"तू आत्ता काही बदललंस का रे?"

"नाही."

"त्यांच्या अंगात स्वेटर आहे. तपकिरी. आणि ती खुर्ची... ती उचललीये कुणीतरी."

सुगतने मागे वळून पाहिलं. वेताच्या खुर्चीवर स्वेटर नव्हता.

कमलाबाई उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या. मान न वळवता त्यांनी विचारलं,

"वरचं बटण लावलंय का? कधीच लावायचे नाहीत."

बाल्कनीतला आवाज फोनपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. सुगतने तोंड उघडण्याआधीच वीणा आपणहून, हळू आवाजात म्हणाली,

"फक्त वरचं बटण उघडं आहे रे."